अंतःकरणाचे शुद्ध म्हणजे नेमके कोण?

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं एक वचन ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ होतं: ‘जे अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील.’ मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, आठवं वचन. पाठ असतं आणि पुष्कळांना ते आतून घाबरवतही असतं. शुद्ध म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो डाग नसलेला माणूस. त्याच्या मनात वाईट विचार येत नाही, त्याला राग येत नाही, मोह शिवत नाही. असा माणूस आपण नाही हे ज्याचं त्याला पक्कं ठाऊक असतं. मग कोणी हे वचन संतांसाठी आहे असं समजून बाजूला ठेवतो, तर कोणी डाग झाकायला शिकतो. दुसरी वाट जास्त धोक्याची, कारण ती बाहेरून भक्तीसारखीच दिसते.

म्हणून आधी शब्दाकडे बघू. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि इथे ‘शुद्ध’साठी आलेला शब्द आहे ‘कॅथारोस’. अरिमथाईच्या योसेफाने येशूचं शरीर ज्या तागाच्या वस्त्रात गुंडाळलं, त्या वस्त्रासाठीही मत्तय हाच शब्द वापरतो. तिथे अर्थ सरळ आहे: स्वच्छ, न मळलेलं. पण प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात नवं यरुशलेम शुद्ध सोन्याचं आहे असं वर्णन येतं आणि तिथेही शब्द तोच. आता सोनं शुद्ध असतं म्हणजे काय? ते नुकतंच धुतलेलं असतं असं नाही, त्यात दुसरा धातू मिसळलेला नसतो. अस्सल सोन्याचा दागिना चिखलात पडला तर मळेल, पण हिणकस होणार नाही. तांबं मिसळलेला दागिना मात्र कितीही लख्ख पुसला तरी हिणकसच राहतो.

अंतःकरणाच्या बाबतीत मला हा दुसरा अर्थ फार महत्त्वाचा वाटतो. याकोब आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की पाप्यांनो, हात स्वच्छ करा आणि द्विबुद्धीच्या लोकांनो, अंतःकरणं शुद्ध करा. हात मळतात, अंतःकरण दुभंगतं. ‘द्विबुद्धी’साठी असलेल्या ग्रीक शब्दाचा शब्दशः अर्थ ‘दोन जिवांचा’ असा आहे. डेन्मार्कचा विचारवंत सोरेन किर्केगार्द याने 1847 मध्ये याच वचनावर एक दीर्घ चिंतन लिहिलं. त्याचं म्हणणं असं की अंतःकरणाची शुद्धता म्हणजे एकच गोष्ट इच्छिणं.

आणखी एक गैरसमज ‘अंतःकरण’ या शब्दाचा. आपण त्याचा संबंध भावनांशी जोडतो: गहिवरून येणं, मन भरून येणं. बायबलमधला इब्री शब्द ‘लेव’ याहून मोठा आहे. माणूस जिथे विचार करतो, हिशेब मांडतो, ठरवतो, ते सगळं ठिकाण म्हणजे ‘लेव’. त्यामुळे उपासनेत डोळे भरून आले म्हणजे अंतःकरण शुद्ध झालं असं होत नाही. भावना निर्मळ असू शकते आणि तिच्यामागचा हेतू मिसळीचा.

हे मी ऐकून सांगत नाही. एकदा प्रार्थनासभेत एका आजारी बहिणीसाठी मी मोठ्याने प्रार्थना करत होते. शब्द मनापासूनचे होते, डोळ्यांतलं पाणीही खरं होतं. मध्येच लक्षात आलं की एक वाक्य मी दुसऱ्यांदा म्हणतेय, जरा वेगळ्या शब्दांत, कारण पहिल्यांदा ते नीट जमलं नव्हतं. कोणासाठी जमायला हवं होतं? देवाला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. त्या बहिणीला तापात शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. ते वाक्य मी शेजारच्या खुर्च्यांसाठी दुरुस्त केलं होतं. माझी प्रार्थना खोटी नव्हती, पण तिच्यात भेसळ होती. ‘आमेन’ म्हटल्यावर दोघीतिघी जवळ येऊन म्हणाल्या, किती सुंदर प्रार्थना केलीस. आणि मला बरं वाटलं.

येशूने नेमकं याच जागी बोट ठेवलं. मार्काच्या सातव्या अध्यायात परूशी या यहुदी पंथातल्या लोकांशी वाद सुरू होतो तो हात न धुता जेवण्यावरून. हा स्वच्छतेचा नव्हे, धार्मिक शुद्धीचा प्रश्न होता. येशू म्हणतो, बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळवत नाही, आतून बाहेर येणारं विटाळवतं. मग तो एक यादी देतो. तिच्यात खून आणि व्यभिचार आहेत, त्यांच्याच ओळीत हेवा, निंदा आणि अहंकार आहेत. ज्या पापांबद्दल कोणी कुणाला मंडळीतून (चर्चमधून) काढत नाही, ती तिथे खुनाच्या शेजारी बसलेली आहेत.

परूशी म्हणजे ढोंगी, असं समीकरण आपण सहज करतो आणि ते अन्यायाचं आहे. नियमशास्त्र, म्हणजे मोशेने दिलेले देवाचे नियम, रोजच्या जगण्यात उतरावं म्हणून मनापासून धडपडणारे ते लोक होते. म्हणूनच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातले येशूचे शब्द बोचतात: तुम्ही चुना लावलेल्या कबरांसारखे आहात. त्या काळी वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मोठ्या सणाच्या, आधी कबरांना चुन्याने खूण करत. कबरेला शिवलेला माणूस नियमशास्त्राप्रमाणे सात दिवस अशुद्ध ठरे आणि सणासाठी लांबून आलेल्या यात्रेकरूकडून नकळत तसं होऊ नये, यासाठी ती काळजी. पांढरा रंग सांगत असे, इकडे येऊ नका. मला ही गोष्ट कळली तेव्हा ते वचन वेगळंच ऐकू आलं. ज्या माणसाचं बाहेरचं पांढरेपण फार डोळ्यांत भरतं, त्याच्याकडे कोलमडलेला माणूस सहसा जात नाही. त्याला ती खूण लांबूनच वाचता येते.

आधी स्वीकार, मग स्वच्छता

भेसळ दिसली, आता ती काढायची कशी? याचं बायबलमधलं सगळ्यात खोल उत्तर एका राजाच्या तोंडून येतं आणि ते त्याने स्वतःहून दिलेलं नाही.

दावीदाने उरीयाची बायको बथशेबा हिला आणवून घेतलं आणि पाप झाकायला उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. सगळं पचलं असं वाटत असताना नाथान संदेष्टा आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं होती. शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरी होती. ती त्याच्या घासातलं खाई, त्याच्या उराशी निजे, त्याला ती मुलीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने स्वतःची मेंढरं राखली आणि गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापला. म्हणाला, असा माणूस मरणाला पात्र आहे. त्याने त्या कोकरीची चौपट भरपाई केली पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

दावीदाची न्यायबुद्धी शाबूत होती, हे इथे नीट पाहण्यासारखं आहे. नियमही अचूक आठवला. चोरलेलं मेंढरू कापलं तर चार मेंढरं द्यावीत असं निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात आहे. चीड खरी होती. फक्त ती दुसऱ्याच्या दारात उभी होती. अशुद्ध अंतःकरणाला बरं-वाईट कळत नाही असं नाही. पुष्कळदा फार चांगलं कळतं, शेजाऱ्याच्या बाबतीत.

यानंतरचं पश्चात्तापाचं गीत म्हणून एकावन्नावं स्तोत्र परंपरेने ओळखलं जातं. त्यात दावीद म्हणतो, देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर. ‘उत्पन्न कर’ हे इब्री क्रियापद ‘बारा’. बायबलच्या पहिल्याच वाक्यात देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, तिथे हेच क्रियापद आहे आणि या अर्थाने जुन्या करारात त्याचा कर्ता नेहमी देवच असतो. दावीद धुऊन काढ असंही म्हणतो, पण तिथे थांबत नाही. दुरुस्तीने भागणार नाही, नवं घडवावं लागेल आणि ते माझ्या हातचं नाही, हे त्याने ओळखलंय.

ख्रिस्ती शिकवणीचा कणा इथे आहे. येशूचा प्रेषित पौल रोमकरांना, म्हणजे रोमच्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं. म्हणजे माणूस आधी शुद्ध होतो आणि मग देव त्याला जवळ करतो, असा क्रम नाही. देव आधी जवळ करतो. याला नीतिमान ठरवणं म्हणतात. त्यानंतर आयुष्यभर आतून जो बदल होत जातो ते पवित्रीकरण. या दोहोंचं नातं काय, यावर सोळाव्या शतकात पश्चिमेची मंडळी दुभंगली. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा भर होता की देव पाप्याला ख्रिस्तामुळे नीतिमान जाहीर करतो. कॅथलिकांच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1547 मध्ये म्हटलं की ही नुसती घोषणा नाही, माणूस आतून खरोखर नवा होतो. साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, आउग्सबुर्ग इथे लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतल्या) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कुठल्या पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा मिळतो तो अंतःकरण नवं करणारा असतो, हे दोघांनी मिळून मान्य केलं. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळ्या 2006 मध्ये त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण क्रम दोघांनाही एकच दिसला.

हा क्रम कुणाला धर्मपंडितांची बारीक चर्चा वाटेल. मला तो जीव वाचवणारा वाटतो. जे लोक मनाने हळवे असतात, ते आत डोकावायला लागले की डोकावतच राहतात. कबुली दिली, पण ती पूर्ण होती का? पश्चात्ताप खरा होता का? अशा छळणाऱ्या शंकांना लॅटिनमध्ये ‘स्क्रुपुलुस’ म्हणतात, मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेतला खडा मोठा नसतो, पण पावलागणिक टोचतो. इग्नेशियस लोयोला या माणसाने नंतर हजारोंना आत्मपरीक्षण शिकवलं, पण 1522 मध्ये मान्रेसा इथे तो स्वतः या खड्याने इतका रक्तबंबाळ झाला होता की जीव द्यावा असं त्याच्या मनात येई. त्याला तिथून बाहेर काढलं ते आणखी बारीक कबुलीने नव्हे. जुनी पापं पुन्हापुन्हा उकरून काढणं त्याने थांबवलं तेव्हा तो सुटला. तुम्ही या अवस्थेत असाल तर कृपा करून एकटे राहू नका. विश्वासातल्या माणसाशी बोला, गरज पडली तर डॉक्टरांशीही. हा विश्वासाचा कमकुवतपणा नाही.

प्रौढ कोण?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी येशू म्हणतो, तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. इथला ग्रीक शब्द ‘तेलेइओस’. तो ‘तेलोस’, म्हणजे ध्येय किंवा शेवट, यापासून आला. पूर्ण वाढलेला, ज्यासाठी आहे तिथे पोचलेला, प्रौढ, असा त्याचा अर्थ. शिवाय वचनाचा संदर्भ शत्रूवर प्रीती करण्याचा आहे, आणि लूकाच्या सहाव्या अध्यायात जवळपास हेच वाक्य येतं तेव्हा ‘पूर्ण’च्या जागी ‘दयाळू’ आहे. म्हणजे पूर्णत्वाचं माप काटेकोरपणा नाही. न आवडणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो, हे माप आहे.

फिलिप्पैकरांच्या पत्रातलं पौलाचं बोलणं मला यासाठी फार आवडतं. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, मी अजून पूर्ण झालो नाही. तीन वचनांनी पुढे म्हणतो, आपल्यापैकी जे प्रौढ आहेत त्यांनी हाच विचार धरावा. मुळात दोन्ही ठिकाणी एकाच धातूचे शब्द आहेत. मी पोचलेलो नाही हे ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो चालत राहतो, त्यालाच तो प्रौढ म्हणतोय.

याउलट ग्रीसमधल्या करिंथ शहरातली मंडळी. पौल त्यांना लिहितो की कुठल्याच कृपादानात तुम्ही उणे नाही. भाषा, ज्ञान, भविष्यवाणी, सगळं होतं. आणि दोनच अध्यायांनंतर म्हणतो, तुम्ही तान्ही बाळं आहात, मला तुम्हाला दूधच पाजावं लागलं. कारण? तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. देणगी एका दिवसात मिळू शकते, स्वभाव एका दिवसात घडत नाही. चांगलं बोलणारा, चांगलं गाणारा, पाठांतर असलेला माणूस आपण प्रौढ समजून पुढे बसवतो आणि मग तो कोसळला की आपल्याला धक्का बसतो. चूक आपल्या मोजपट्टीत होती.

इब्री लोकांस पत्रात दुधाचीच उपमा पुढे जाते: जड अन्न प्रौढांसाठी आहे, ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना बरंवाईट ओळखण्याचा सराव झालाय. ‘सराव’साठी तिथे आखाड्यातल्या मेहनतीचा शब्द आहे, ज्यावरून ‘जिम’ हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द आला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या साधकांनी हा आखाडा फार गंभीरपणे घेतला. त्यांच्यापैकी अब्बा (म्हणजे पिता, वडीलधारा साधक) मोशेने भेटीला आलेल्या जॉन कॅसियन या साधूला शेतकऱ्याचं उदाहरण दिलं. शेतकऱ्याचं अंतिम ध्येय पीक, पण रोजचं काम तण काढणं आणि जमीन मोकळी करणं. तसं साधकाचं अंतिम ध्येय देवाचं राज्य आणि रोजचं काम अंतःकरणाची शुद्धता. आणि तो पुढे बजावतो की उपास, एकांत, वाचन ही अवजारं आहेत. उपास मोडला म्हणून ज्याला राग येतो, त्याने पिकापेक्षा खुरपं जपलं.

त्याच वाळवंटातल्या स्केटिस इथल्या साधकांत मोशे नावाच्या अब्बाची एक आठवण सांगितली जाते. एका बंधूच्या हातून चूक झाली, न्याय करायला सगळे जमले, मोशेला निरोप गेला. तो येईना. पुन्हा बोलावणं गेलं तेव्हा तो उठला, एक गळकं भांडं पाण्याने भरून पाठीवर घेतलं आणि चालत आला. वाटभर त्याच्या मागे पाण्याची ओळ उमटत होती. हे काय, असं विचारल्यावर म्हणाला, माझी पापं माझ्या मागे गळत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत आणि आज मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या बंधूला कोणी काही बोललं नाही.

सरावाचं सोपं रूप इग्नेशियसने दिलं, दिवसाची उजळणी. रात्री दहा-पंधरा मिनिटं. आधी आभार मानायचे, ही पायरी गाळायची नाही, कारण स्वीकार आधी आहे हे तिथे पुन्हा आठवतं. देवाकडे प्रकाश मागायचा, मग दिवस क्रमाने आठवायचा, क्षमा मागायची, उद्याकडे बघायचं. मी त्यात एक प्रश्न जोडते: आज कुठलं वाक्य मी खुर्च्यांसाठी दुरुस्त केलं? काही दिवस उत्तर मिळत नाही. काही दिवस तीन-चार मिळतात.

नीतिमत्त्व कुणाच्या दारात?

‘नीतिमत्त्व’ हा शब्द मराठीत खासगी वाटतो, माणसाचं चारित्र्य वगैरे. ग्रीक ‘दिकायोसुने’मध्ये नीतिमत्त्व आणि न्याय दोन्ही एकत्र आहेत. आमोस संदेष्टा देवाच्या वतीने म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गलबला दूर करा. न्याय पाण्याप्रमाणे आणि नीतिमत्त्व अखंड प्रवाहाप्रमाणे वाहू द्या. येशूही सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. इथे राग आपल्या मनात नाही, भावाच्या मनात आहे. तरी निघायचं आपण.

आणि मग जक्कय. लूकाचा एकोणिसावा अध्याय. यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, ठेंगणा, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू खाली उभा राहून म्हणतो, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. एकही अट नाही. पापी माणसाकडे गेला म्हणून लोक कुरकुरतात. तेव्हा जक्कय उभा राहतो आणि हिशेब सांगतो: माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि अन्यायाने कुणाचं काही घेतलं असेल तर चौपट परत करतो.

नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्सा इतकंच भरायचं आहे. शंभरावर वीस. जक्कयाला तेवढ्यावर मोकळं होता आलं असतं. त्याने आकडा उचलला तो कोकरी कापणाऱ्या चोराचा, जो दावीदाने एकदा संतापून दुसऱ्या कुणाला तरी सुनावला होता. जक्कयाने तो स्वतःसाठी म्हटला, भर बैठकीत, आणि त्याला कुणी गोष्ट सांगून पकडलंही नव्हतं.